घर एक, यंत्रे अनेक : लिनक्समधील आवाजाच्या सेटिंगचा इतिहास (धागा)

१/
गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या महाविद्यालयाची संगणक लॅब डोळ्यांसमोर आणावी. चाळीस संगणक, सर्वांवर लिनक्स, आणि विद्यार्थ्यांच्या सगळ्या फाइली एकाच सर्व्हरवर. सोमवारी एक विद्यार्थिनी खिडकीजवळच्या संगणकावर बसते आणि हेडफोनचा आवाज नीट लावून घेते. मंगळवारी तिला दाराजवळचा संगणक मिळतो. लॉगिन करताच तिच्या फाइली, तिचे वॉलपेपर, तिचा मराठी कीबोर्ड असे सगळे काही जागेवर असते. आवाज मात्र येत नाही. हेडफोन चांगला आहे, संगणकही बिघडलेला नाही. मग झाले काय?

२/
या प्रश्नाचे उत्तर एका वायरीत किंवा एका बटणात नाही. ‘माणसाचे काय आणि यंत्राचे काय’ ही वाटणी संगणकाच्या जगाने कशी केली, कुठे चुकवली आणि पुन्हा कशी केली, त्या इतिहासात ते आहे. हा इतिहास युद्धांचा नाही, राजघराण्यांचाही नाही. तरीही त्यात व्यक्ती आहेत, सनावळी आहे, कागदपत्रे आहेत आणि एका पिढीने घेतलेल्या निर्णयाची किंमत पुढच्या पिढीने मोजल्याचे दाखलेही आहेत.

३/
प्रथम हा विषय महत्त्वाचा का, ते पाहू. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याला केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय अभियानाचे पाठबळ मिळाले. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ, विषय लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब यांसारखे, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. विद्यार्थ्याने एका बाजूला पाठ ऐकायचा व दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करायची, अशी ही पद्धत आहे.

४/
म्हणजे येथे शिक्षकाचे काम आवाज करतो. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे, त्याच्यासाठी पडद्यावरच्या इंग्रजी मजकुराला अर्थ देणारे ते मराठी निवेदन हाच मुख्य आधार असतो. हेडफोन मुका झाला की तासच बुडतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी आहे. लिनक्सवर ‘ऑर्का’ नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतो, आणि ‘ईस्पीक’सारखी वाणी-प्रणाली मराठीही बोलते. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने आवाज बंद म्हणजे पडदा बंद.

५/
आता मुळाकडे जाऊ. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी संशोधक आपले काम छिद्रित कार्डांवर घेऊन यंत्राकडे जात. यंत्र एकच होते, माणसे अनेक होती. ‘माझी सेटिंग कोणत्या यंत्रावर?’ हा प्रश्न निर्माण होण्यासच जागा नव्हती.

६/
१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. तेथेही चित्र तेच : मध्ये एक यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनले. प्रत्येक वापरकर्त्याला त्या यंत्रावर स्वतःचा एक कोपरा मिळे. त्याला ‘होम डिरेक्टरी’ म्हणजे घर असे नाव पडले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रामला ‘होम’ या नावाच्या चलातून आपल्या मालकाचे घर कोठे आहे, ते कळू लागले.

७/
या घरात हळूहळू एक अडगळीची खोली तयार झाली. ज्या फाइलीच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, ती फाइल यादीत दिसत नाही. बेल लॅब्जमधील रॉब पाइक यांनी पुढे लिहिले की ही सोय कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. यादीतून दोन विशिष्ट नोंदी वगळण्यासाठी घेतलेल्या एका आखूड वाटेचा तो परिणाम होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मात्र ती जागा हेरली आणि आपापल्या सेटिंगच्या फाइली टिंब लावून घरात ठेवायला सुरुवात केली. त्यांनाच पुढे ‘डॉटफाइल’ म्हटले गेले.

८/
येथे एक गृहीत नकळत पक्के झाले : घरात जे ठेवले आहे, ते माणसाचे. यंत्र एकच असेपर्यंत हे गृहीत तपासण्याची गरज नव्हती. कीबोर्डची सवय, रंगांची आवड, छपाईयंत्राचे नाव, टर्मिनलचा प्रकार, असे सगळे एकाच फडताळात गेले. त्यातले पहिले दोन माणसाबरोबर जाणारे होते आणि उरलेले दोन जागेला बांधलेले होते, हा फरक कोणी नोंदवला नाही.

९/
१९८० च्या दशकात चित्र पालटले. एका मोठ्या यंत्राऐवजी प्रत्येक टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन आले. १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साहाय्याने ‘अँड्र्यू’ प्रकल्प हाती घेतला. मे १९८३ मध्ये एमआयटीने डीईसी आणि आयबीएम यांच्यासह ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केला. अथेनाचे ध्येय असे होते की विद्यार्थ्याने परिसरातील कोणत्याही वर्कस्टेशनवर बसावे आणि त्याचे घर त्याच्यासमोर उघडावे.

१०/
हे साधायचे तर घर यंत्रातून काढून जाळ्यावर ठेवणे भाग होते. सन कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’ म्हणजे एनएफएस आणली. सर्व्हरवरची डिस्क आपल्याच यंत्राची असल्यासारखी ती दिसू लागली. मार्च १९८९ मध्ये तिचे तपशील सार्वजनिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले. कार्नेगी मेलनच्या प्रकल्पातून एएफएस ही दुसरी पद्धत जन्मली. आजही जगभरच्या असंख्य प्रयोगशाळांत विद्यार्थ्याची घरे एनएफएसवरूनच येतात.

११/
घर आता माणसाच्या मागोमाग फिरू लागले, आणि जुने गृहीत उघडे पडले. घरात ठेवलेला प्रोग्राम व्हॅक्स यंत्रासाठी बनवलेला असेल, तर तो सनच्या यंत्रावर चालेना. एएफएसने यावर एक तोडगा काढला. मार्गाच्या नावात एक ठराविक खूण लिहायची. ज्या यंत्रावरून फाइल मागितली जाईल, त्या यंत्राच्या जातीप्रमाणे त्या खुणेचा अर्थ बदलायचा. यंत्र ओळखण्याची ही पहिली रीत म्हणता येईल : जातीवरून ओळख.

१२/
दुसरी रीत अथेनातून निघालेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीत दिसते. वेगवेगळ्या यंत्रांचे पडदे लहानमोठे, काही रंगीत तर काही कृष्णधवल असत. म्हणून एक्सने घरात सर्वसाधारण सेटिंगच्या फाइलीशेजारी आणखी एका फाइलीची मुभा दिली. तिच्या नावाच्या शेवटी यंत्राचे नाव लिहायचे. ज्या यंत्रावर बसावे, त्याच्या नावाची फाइल वाचली जाई. ही नावावरून ओळख झाली.

या दोन्ही रीतींत एक शहाणपण होते : घर सामाईकच ठेवायचे, पण त्यात यंत्रासाठी वेगळा कप्पा करायचा.

१३/
आवाजाला अजून अवकाश होता. १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ मध्ये आवाजाची सोय आली, पण ती जेमतेम टेलिफोनच्या दर्जाची होती. निवडायला फारसे काही नसल्यामुळे सेटिंगलाही फारसे काही नव्हते.

१९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा केली. पुढच्याच वर्षी त्यांचे देशबांधव हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातून ‘ओपन साउंड सिस्टिम’ ऊर्फ ओएसएस उभी राहिली. तेथेही बहुतेक वेळा एक कार्ड आणि एका वेळी एकच प्रोग्राम, असा सरळ हिशेब होता.

१४/
१९९८ च्या सुमारास चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांनी ‘अल्सा’ ही नवी ध्वनिप्रणाली सुरू केली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६ बरोबर ती मुख्य प्रणाली झाली. अल्साने सेटिंगचे दोन थर केले. यंत्राची फाइल ‘ईटीसी’ या व्यवस्था-फोल्डरात आणि माणसाची फाइल त्याच्या घरात. आवाजाची पातळी मात्र अल्साने यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली. संगणक बंद होताना ती साठवायची आणि सुरू होताना परत लावायची. हा निर्णय अचूक होता.

१५/
चूक घरातल्या फाइलीत झाली. तेथे वापरकर्ता लिहून ठेवी, ‘माझा आवाज कार्ड क्रमांक १ वर पाठवा.’ पण कार्डाचा क्रमांक ही कार्डाची ओळख नाही. संगणक सुरू होताना कोणते कार्ड आधी सापडले, यावर तो ठरतो. पुढे एचडीएमआय आल्यावर पडद्याच्या केबलमधूनही आवाज जाऊ लागला आणि जवळजवळ प्रत्येक संगणकात दोन ध्वनि-उपकरणे झाली. एका यंत्रावर क्रमांक १ म्हणजे हेडफोन आणि दुसऱ्यावर क्रमांक १ म्हणजे स्पीकर नसलेला मॉनिटर. वाक्य तेच, पण अर्थ निराळा. आवाज वाजत राही, फक्त तो कोणाला ऐकू येत नसे.

१६/
हा पेच झाडीपट्टीच्या वाचकाला चटकन कळेल. दिवाळीनंतर गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. नटाचे संवाद गावागणिक बदलत नाहीत, ते त्याच्याबरोबर प्रवास करतात. पण माइक कोठे टांगायचा आणि भोंग्याचे तोंड कोणत्या दिशेला करायचे, हे त्या रात्रीच्या मैदानावर ठरते. कालच्या गावचा ‘डावीकडचा भोंगा’ आजच्या गावात भिंतीकडे तोंड करून उभा असू शकतो. अल्साच्या घरातील फाइलीने नेमकी अशी ‘डावीकडची’ नोंद संवादांच्या वहीत लिहून ठेवली होती.

१७/
२००४ साली जर्मन प्रोग्रामर लेनार्ट पोएटरिंग यांनी एक ध्वनि-सर्व्हर लिहिला. आरंभी त्याचे नाव ‘पॉलिपऑडिओ’ होते, २००६ मध्ये ते ‘पल्सऑडिओ’ झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ ने आणि एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ ने तो स्वीकारला. अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणे, प्रत्येकाची पातळी वेगळी ठेवणे, चालू आवाज एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेणे, अशी कामे तो करी. साहजिकच त्याला पुष्कळ गोष्टी लक्षात ठेवाव्या लागत, आणि त्या तो वापरकर्त्याच्या घरात ठेवी.

१८/
येथे यंत्र ओळखण्याची तिसरी रीत अवतरली. नाव बदलू शकते आणि जात अनेकांची एक असू शकते. म्हणून प्रत्येक लिनक्स यंत्राला ३२ अक्षरांची एक खूण दिली जाते, तिला ‘मशीन-आयडी’ म्हणतात. आधी डी-बस या प्रणालीने ती आणली, आणि २०१० नंतर सिस्टिमडीने तिला ईटीसी फोल्डरात कायमची जागा दिली. पल्सऑडिओने आपल्या नोंदींच्या फाइलींची नावे याच खुणेने सुरू केली. घर एकच, पण खिडकीजवळच्या संगणकाची फाइल वेगळी आणि दाराजवळच्या संगणकाची वेगळी. जातीवरून, मग नावावरून आणि अखेर जन्मखुणेवरून ओळख, असा हा प्रवास झाला.

१९/
आणखी एक बारकावा पल्सऑडिओने जाणला. चालू क्षणाच्या काही गोष्टी असतात. उदाहरणार्थ, प्रोग्राम आपसांत बोलण्यासाठी उघडतात ते तात्पुरते दार. ते त्या यंत्राचे आणि त्या वेळेपुरतेच असते. अशी वस्तू जाळ्यावरच्या घरात ठेवून चालत नाही. म्हणून घरात केवळ तिचा पत्ता ठेवला गेला आणि प्रत्यक्ष दार यंत्राच्या तात्पुरत्या फोल्डरात उघडले गेले. पुढे डेस्कटॉप प्रणालींच्या सामाईक संकेतांत या ‘चालू क्षणा’साठी स्वतंत्र, यंत्रापुरते फोल्डर ठरवून देण्यात आले.

म्हणजे वाटणी दोन नव्हे, तीन वाट्यांची होती : माणसाची आवड, यंत्राची वस्तुस्थिती आणि क्षणाची अवस्था.

२०/
तरीही लॅबमधला आवाज बंद पडतच राहिला, आणि त्याचे एक कारण फार साधे होते. चाळीस संगणकांवर चाळीस वेळा लिनक्स बसवणे कोणालाही परवडत नाही. एका संगणकावर सगळे नीट बसवायचे आणि त्याची डिस्क जशीच्या तशी उरलेल्यांवर उतरवायची, ही सर्रास रीत आहे. अशी नक्कल करताना मशीन-आयडीचीही नक्कल होते. मग चाळीस यंत्रांची जन्मखूण एकच. पल्सऑडिओला ती सगळी एकच यंत्र वाटतात आणि वेगळे केलेले कप्पे पुन्हा एक होतात. सिस्टिमडीच्या कागदपत्रांत यासाठी स्पष्ट सूचना आहे : नकलेसाठी तयार केलेल्या डिस्कवर ही फाइल रिकामी ठेवावी, म्हणजे प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची खूण स्वतः घडवील.

२१/
सामाईक घराने आवाजाचे फक्त नुकसानच केले, असे म्हणणे एकांगी ठरेल. पल्सऑडिओ घरात एक गुप्त किल्ली ठेवतो. ज्याच्याकडे ती किल्ली आहे, त्यालाच आवाज पाठवण्याची परवानगी मिळते. घर सामाईक असेल, तर दोन यंत्रांवर एकच किल्ली दिसते. त्यामुळे एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्राच्या हेडफोनवर वाजू शकतो. १९९९ च्या सुमारास जिम मॅक्विलन यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ने एका सर्व्हरवर अनेक साधी, जुनी यंत्रे चालवण्याची वाट दाखवली. तेथे सर्व्हरवरचा आवाज विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत नेण्यासाठी पल्सऑडिओच उपयोगी पडला. कमी पैशांत लॅब उभारणाऱ्या शाळांना हे मोठे वरदान होते.

२२/
यानंतरची पिढी ‘पाइपवायर’ची. रेड हॅटमधील विम टायमन्स यांनी २०१५ च्या सुमारास हे काम आरंभले. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने आवाजासाठी पाइपवायर स्वीकारला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. कोणता आवाज कोठे जायचा, हे ठरवण्याचे काम ‘वायरप्लंबर’ हा त्याचा सोबती करतो. वायरप्लंबर आपली स्मृती घरातील ‘स्टेट’ म्हणजे अवस्थेच्या फोल्डरात ठेवतो. हे फोल्डर डेस्कटॉप संकेतांत २०२१ मध्ये अधिकृतपणे दाखल झाले.

२३/
पण वायरप्लंबरच्या नोंदी मुख्यतः उपकरणांच्या नावांवरून होतात, आणि ही नावे उपकरण यंत्रात कोठे जोडले आहे त्यावरून पडतात. वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांत ती वेगळी पडतात, तेव्हा घोळ होत नाही. एकाच खरेदीत आलेल्या चाळीस सारख्या यंत्रांत मात्र ती तंतोतंत सारखी असतात. मग खिडकीजवळच्या संगणकावर ‘मॉनिटरमधून आवाज’ अशी निवड केली की दाराजवळच्या संगणकावरही तीच निवड लागू होते. तेथे त्या मॉनिटरला स्पीकर नसला तर हेडफोन मुकाच राहतो. मंगळवारच्या शांततेचे हे एक सरळ स्पष्टीकरण आहे.

२४/
दृष्टिहीन वापरकर्त्याच्या बाबतीत हा दोष अधिकच विचित्र रूप घेतो. लॉगिनचा पडदा वापरकर्त्याच्या नावाने चालत नाही. त्याचा स्वतःचा निराळा वापरकर्ता असतो आणि त्याचे घर त्या यंत्राच्याच डिस्कवर असते. त्यामुळे तेथे स्क्रीन रीडर नीट बोलतो. पासवर्ड दिल्यावर सामाईक घर उघडते आणि त्याबरोबर दुसऱ्या यंत्राची आठवण येते. आतापर्यंत बोलणारे यंत्र गप्प होते. डोळस माणूस आवाजाच्या चिन्हावर क्लिक करून दुरुस्ती करील, पण ज्याला ते चिन्ह ऐकूनच शोधायचे आहे, त्याने काय करावे? म्हणून लॅब उभारताना हा विषय ‘किरकोळ’ म्हणून सोडणे योग्य नाही.

२५/
इतिहासाने शिकवलेले उपाय असे मांडता येतील.
• यंत्राची वस्तुस्थिती यंत्रातच, म्हणजे ईटीसी फोल्डरात लिहावी, घरात लिहू नये.
• घरातील फाइलीत कार्डाचा क्रमांक न लिहिता नाव लिहावे.
• डिस्कची नक्कल करताना मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी.
• अवस्थेचे फोल्डर यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर न्यावे, किंवा घरातच प्रत्येक यंत्राच्या नावाचे उपफोल्डर करावे. हे लॉगिनच्या अगदी आरंभी व्हायला हवे, कारण ध्वनि-सर्व्हर वापरकर्त्याने टर्मिनल उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

२६/
शेवटच्या उपायाची एक किंमत आहे, तीही लक्षात घ्यावी. अवस्थेचे फोल्डर आवाजापुरते नसते, इतर प्रोग्रामही त्यात आपल्या खुणा ठेवतात. ते सरसकट यंत्रावर नेले, तर माणसाबरोबर फिरायला हव्या अशा काही गोष्टीही मागे राहतात. म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच ठिकाणी येतो : कोणती नोंद माणसाची आणि कोणती यंत्राची, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच आधी ठरवले पाहिजे. व्यवस्थापकाने मागाहून केलेली वाटणी नेहमी ढोबळच राहते.

२७/
मार्च २०२० मध्ये सिस्टिमडीच्या २४५ व्या आवृत्तीत ‘होमडी’ आले. घर आणि त्याच्या मालकाची माहिती एकत्र बांधून ती कोणत्याही यंत्रावर नेता यावी, हा त्याचा हेतू. मालकाच्या नोंदीत त्याने वेगवेगळे विभाग केले. त्यातला एक विभाग सर्वत्र लागू होणाऱ्या गोष्टींचा आहे आणि दुसरा केवळ अमुक खुणेच्या किंवा अमुक नावाच्या यंत्रावर लागू होणाऱ्या गोष्टींचा. हे काम लेनार्ट पोएटरिंग यांचेच. आवाजाच्या फाइलींच्या नावांत एके काळी चिकटवलेली यंत्राची खूण आता घराच्या मूळ आराखड्यातच आली.

२८/
इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक अनपेक्षित साधन सापडते. दहा-पंधरा वर्षे चालत आलेले एखादे सामाईक घर उघडून त्यातील लपलेल्या फाइली पाहिल्या, तर उत्खननातल्यासारखे थर दिसतात. तळाशी अल्साची घरगुती फाइल. तिच्यावर पल्सऑडिओचे जुने फोल्डर आणि त्यानंतरचे नवे. सर्वांत वर वायरप्लंबरची स्मृती. कोणी मुद्दाम जपून ठेवलेले हे दप्तर नाही. पुसायचे राहून गेले म्हणून ते टिकले.

२९/
पल्सऑडिओच्या थरात ३२ अक्षरांच्या किती वेगवेगळ्या खुणा आहेत, ते मोजावे. नकलेमुळे खुणा एक झाल्या नसतील, तर तो माणूस आयुष्यात साधारण किती यंत्रांसमोर बसला, याचा अंदाज त्यावरून येतो. फाइलींच्या तारखांवरून तो कोणत्या यंत्रावर अखेरचा कधी काही ऐकत होता, तेही कळते. मोडीतील जमाखर्चाच्या वह्या वाचताना जी दृष्टी लागते, तीच येथे लागते : नोंद काय सांगते ते पाहायचे आणि ती कोणी, कोठे बसून केली, तेही विचारायचे.

(समाप्त)